आधी जमीन, मग मशीन
घरच्या कारखान्यासाठी भक्कम जमीन कशी करावी, याचा आमचा अनुभव

आम्ही २०२१ साली कंपनीतून निवृत्त झालो. सत्तावीस वर्षे फिटरचे काम केले. निवृत्तीच्या वेळी हातात जी रक्कम आली तिच्याकडे घरातील प्रत्येक जण आपापल्या नजरेने पाहत होता. धाकटीचे शिक्षण बाकी होते. घराला गिलावा बाकी होता. थोरला मुलगा आयटीआयमधून टर्नर होऊन बसलेला होता आणि ठेकेदाराकडे रोजंदारीवर जात होता. शेवटी मुलाच्या आईनेच निकाल लावला. ती म्हणाली, "पैसे बँकेत ठेवले तर झिजत झिजत संपतील. पोराला मशीन घेऊन द्या. चार पैसे घरातूनच येतील."

वाळूज औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूला अशी कितीतरी घरे आहेत. पुढे राहणे, मागच्या पडवीत एखादा लेथ, एखादे ड्रिल मशीन. मोठ्या कंपन्यांना लागणारे लहानसहान भाग अशा पडव्यांतून तयार होऊन जातात. आम्हीही साडेचार फुटी जुना लेथ घेतला. वजन सुमारे अर्धा टन. पडवी दहा बाय बारा फुटांची. मशीन येण्याच्या आधी पंधरा दिवसांत मिस्त्रीकडून जमीन करून घेतली. मिस्त्रीने वरची माती सारखी केली, दगडाचा चुरा टाकला, त्यावर तीन इंच काँक्रीट ओतले आणि घोटून गुळगुळीत करून दिले. जमीन आरशासारखी दिसत होती. आम्ही खूश झालो. लोखंडाची पारख आम्हांला होती. लोखंड ज्यावर उभे राहते त्याची पारख मात्र नव्हती.

दोष कोणाचा?

पहिले सात-आठ महिने काम बरे चालले. २०२२ चा पावसाळा आला आणि पडवीच्या मधोमध केसाएवढी भेग दिसू लागली. आम्ही दुर्लक्ष केले. पुढे भेगेची एक बाजू किंचित वर आली. दिवाळीच्या सुमारास मुलाने केलेल्या पिना कंपनीतून परत आल्या. एका टोकाला माप बरोबर आणि दुसऱ्या टोकाला एक दशांश मिलिमीटर जाड. कारागिरांच्या भाषेत सांगायचे तर जॉबला टेपर येत होता. दुसरी खेपही परत आली. माल आमचा, मजुरी आमची, वीजबिल आमचे, आणि नुकसानही आमचेच.

आम्ही मुलावर रागावलो. आज लिहिताना त्याची लाज वाटते. "आयटीआयमध्ये काय शिकलास?" असे त्याच्या आईसमोर, बहिणीसमोर बोललो. पोरगा उलटून बोलला नाही. तो रात्री उशिरापर्यंत एकटाच मशीनपाशी बसू लागला. एके दिवशी म्हणाला, "बाबा, मशीन विकून टाका. मी परत ठेकेदाराकडे जातो. माझ्या हातातच काही नाही."

त्याच आठवड्यात आमच्याबरोबर कंपनीत काम केलेले एक जुने सहकारी घरी आले. चहा घेता घेता त्यांना सर्व हकिगत सांगितली. ते उठले, आपल्या घरून अचूक पाणसळ घेऊन आले. लेथच्या बेडवर आडवी ठेवली, आधी हेडस्टॉकच्या बाजूला, मग टेलस्टॉकच्या बाजूला. एका बाजूला बुडबुडा मध्यावर होता. दुसऱ्या बाजूला तो चांगलाच सरकलेला होता. ते म्हणाले, "भाऊ, पोराचा हात सरळ आहे. तुमची जमीन वाकडी झाली आहे. एक पाय उचलला गेला, बेडला पीळ बसला. पिळलेल्या बेडवर जगातला कोणताही टर्नर सरळ जॉब काढू शकणार नाही."

मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा आम्ही पाहिला. त्याच दिवशी ठरवले की मशीन विकायचे नाही, जमीन फोडायची.

काळ्या मातीचा स्वभाव

फोडण्याआधी चूक कोठे झाली हे समजून घेतले. आमच्याच वस्तीत एक वृद्ध गवंडीकाका आहेत. त्यांनी पडवीबाहेर हातभर खड्डा खणायला लावला आणि माती हातात घेऊन दाखवली. "ही काळी माती. कापसाला सोने, घराला वैरी."

आपल्या दख्खनच्या पठाराचा खडक म्हणजे बेसॉल्ट. तो झिजून, कुजून ही माती झाली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात रानात ज्या भेगा पडतात, त्या यामुळेच. हीच माती घराखाली असली की पावसाळ्यात ती फरशीला खालून ढकलते आणि उन्हाळ्यात फरशीखालून निसटून जाते. तीन इंचांचे काँक्रीट ही उचल कशी सोसणार? त्यात अर्ध्या टनाचे मशीन चार पायांवर उभे. सारा भार चार वीतभर जागांवर आलेला.

यावर उपाय नवा नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर अनेक वर्षे संशोधन केले. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण घट्ट बसणाऱ्या मातीचा, म्हणजे चांगल्या मुरमासारख्या मातीचा, पुरेसा जाड थर दिला तर खालची फुगवट आवरली जाते, असे त्यांनी दाखवून दिले. कालव्यांसारख्या मोठ्या कामांत हा थर मीटरभर जाडीचाही देतात. आपल्या पडवीला तेवढे शक्य नसते, पण तत्त्व तेच.

खणणे आणि भरणे

२०२३ च्या जानेवारीत आम्ही काम सुरू केले. मशीन शेजाऱ्यांच्या ओट्यावर ताडपत्रीखाली ठेवले. जुने काँक्रीट फोडायलाच चार दिवस लागले. मग खणायला घेतले. येथे एक धोक्याची सूचना. भिंतीचा पाया किती खोल आहे ते आधी पाहावे, आणि पायाच्या पातळीखाली कधीही खणू नये. भिंतीलगत एकदम सगळीकडे न खणता तुकड्यातुकड्याने खणावे आणि तो तुकडा लगेच भरून घ्यावा. जमीन नवी करताना भिंत खचली तर काय उपयोग?

आमचा हिशेब असा होता. तयार जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा ६ इंच उंच हवी, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही. खालून वर १८ इंच मुरूम, ९ इंच दगडाचे सोलिंग आणि ५ इंच काँक्रीट, असे एकूण ३२ इंच. म्हणून बाहेरच्या पातळीपासून २६ इंच काळी माती काढली.

मुरूम एकदम ओतून वरून चोपू नये. वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि खालचा भाग पोकळच राहतो. सहा इंचांचा थर, त्यावर पाणी शिंपडणे, मग धुम्मस. पुन्हा सहा इंच, पुन्हा पाणी, पुन्हा धुम्मस. पाणी इतकेच की मुठीत दाबल्यावर मुरमाचा लाडू व्हावा, पण तळहाताला चिखल लागू नये. धुम्मस आम्ही बापलेकांनी आलटून पालटून केली. चोपून झालेला दीड फूट थर भरायला सव्वादोन ते अडीच ब्रास मुरूम लागला, कारण सुटा मुरूम चोपल्यावर बसतो.

मग डबराचे सोलिंग. दगड हाताने एकेक उभा, एकमेकांना लागून बसवायचा, फटींत लहान दगड ठोकायचे, वर मुरूम पसरून पाणी मारून पुन्हा चोपायचे. साधारण एक ब्रास डबर लागला. सोलिंगवर बारीक कच पसरून टोके झाकली आणि त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरला. टोके झाकली नाहीत तर कागद फाटतो. या कागदामुळे खालची ओल वर येत नाही.

काँक्रीट ओतण्याआधीच विजेची आणि अर्थिंगची नळी जमिनीतून कोठून जाणार हे ठरवून नळ्या टाकाव्यात. पहिल्या वेळी आम्ही हे विसरलो होतो आणि वायर पायात लोळत होती. भिंतीच्या कडेने अर्धा इंच थर्मोकोलची पट्टी उभी लावावी, म्हणजे जमीन आणि भिंत एकमेकांना ओढत नाहीत.

काँक्रीटचा हिशेब

ज्या काँक्रीटवर मशीन उभे राहणार त्याला १ सिमेंट, दीड वाळू, ३ खडी हे प्रमाण ठेवले. खडी पाऊण इंची. सिमेंटचे ५० किलोचे पोते म्हणजे सव्वा घनफूट. म्हणून सव्वा घनफुटाची लाकडी पेटी करून घेतली. एका पोत्याला दीड पेटी वाळू आणि तीन पेट्या खडी. घमेल्याने मोजले की कोणी शीग भरतो, कोणी अर्धे भरतो. पेटीने मोजले की भांडण नाही.

१२० चौरस फुटांना ५ इंच जाडीने ५० घनफूट काँक्रीट लागते. त्याला सुमारे साडेअकरा पोती सिमेंट, २२ घनफूट वाळू, ४३ घनफूट खडी. हाताने मिसळायचे असेल तर सिमेंट दहा टक्के जास्त धरतात, म्हणून आम्ही तेरा पोती आणली.

वाळू घेताना ती तपासून घ्या. काचेच्या सरळ बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला. जोरात हलवून तीन तास ठेवा. वाळूच्या वर गाळाचा वेगळा थर बसतो. तो वाळूच्या शंभरात आठ भागांपेक्षा जास्त असेल तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये. नदीची वाळू आता सहज मिळत नाही. दगड दळून केलेली कृत्रिम वाळूही चालते, पण तिच्यात धूळ फार नको.

पाण्याबाबत मात्र गवंड्यांशी थोडे भांडावे लागते. पातळ काँक्रीट पसरायला सोपे जाते, म्हणून ते पाणी ओततात. एका पोत्याला २५ लिटर पाणी हे माप धरावे, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. जास्तीचे पाणी पुढे वाळून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवून जाते. मुलाची आई बादली घेऊन तेथेच बसली होती. मोजून पाणी द्यायची. कामगार हसत म्हणाले, "मावशी, पाणी काय रेशनवर आहे का?" ती म्हणाली, "हो बाबा, मागच्या वेळी फुकट वाटले आणि जमीन फुटली."

८ मिलिमीटरच्या सळयांची जाळी ८-८ इंचांवर बांधली, वजन ४५ किलोच्या आसपास. जाळी तळाशी लोळत राहिली तर तिचा उपयोग नाही. तीन इंची ठोकळ्यांवर ती उचलून धरावी, म्हणजे वरच्या बाजूपासून दोन इंचांवर राहते. पडवीचे सहा-सहा फुटांचे दोन भाग केले. जाळीही दोन्ही भागांत वेगळी ठेवली. एक भाग आज, दुसरा दोन दिवसांनी. काँक्रीट आकसताना भेग पडणारच असेल तर ती या सांध्यातच पडावी, हा हेतू. लेथ पूर्णपणे एकाच भागावर बसेल असे आधीच आखले होते. मशीनचे दोन पाय एका भागावर आणि दोन दुसऱ्यावर, असे कधी करू नये.

घोटाई आणि पाणी

पातळी पाहायला पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर खुणा केल्या. काटकोन ३-४-५ च्या मापाने तपासला. काँक्रीट ओतताना सळईने कोपऱ्याकोपऱ्यांत कोचले, पट्टीने ओढून सारखे केले. मग थांबलो. वर आलेले पाणी आपोआप ओसरू दिले. पुष्कळ जण येथे घाई करतात आणि पाणी शोषायला वरून कोरडे सिमेंट भुरभुरतात. जमीन त्या दिवशी छान चमकते, पण पुढे तिला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात. आमची पहिली आरशासारखी जमीन अशीच होती. या वेळी आधी लाकडी रंध्याने आणि अंग धरल्यावर गुरमाळ्याने घोटाई केली, फार गुळगुळीत न करता. तेल सांडणाऱ्या जागी घसरगुंडी नको.

दुसऱ्या दिवशी मातीची आळी करून पाणी साठवले. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसी सिमेंटला किंवा कडक उन्हाळ्यात किमान १० दिवस ओल राहिलीच पाहिजे. आम्ही १४ दिवस पाणी ठेवले. धाकटी सकाळी कॉलेजला जाण्याआधी पाणी पाहून जायची. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, म्हणून २८ दिवस मशीन आत आणले नाही. घरात पैशाची ओढ होती, कंपनीतून विचारणा होत होती, तरी थांबलो. ते २८ दिवस आम्हांला फार जड गेले. पण तेवढा धीर पहिल्या वेळी धरला असता तर ही वेळच आली नसती.

सर्वांनाच एवढे लागते का?

नाही. मुरमाड किंवा खडकाळ जमिनीवर घर असेल तर खोल खणण्याची गरज नाही. सैल माती काढा, मुरूम चोपा, सोलिंग आणि काँक्रीट करा. शिलाई मशीन, पिशव्या शिवणे, चपलांचे काम यांना ४ इंची काँक्रीट पुष्कळ झाले. तेथे भारापेक्षा ओल महत्त्वाची. कापड किंवा लाकूड ठेवायचे असेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी त्याखाली दव दिसले तर जमिनीतून ओल येते आहे असे समजा.

शहाबादी फरशी घरात उत्तम, पण जड मशीनच्या पायाखाली नको. फरशीखाली कोठे तरी पोकळी राहते आणि नेमकी तेथेच ती तडकते.

माडीवर राहणाऱ्यांनी विशेष जपावे. राहत्या घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून करतात. आमचा लेथ उभा राहतो ती जागा एक चौरस मीटरही नाही आणि वजन अर्धा टन. असे मशीन वर चढवायचे असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय चढवू नका. प्रश्न फक्त आपल्या घराचा नसतो, खाली राहणाऱ्यांच्या डोक्याचाही असतो.

आणि काळ्या मातीवर घर असेल तर बाहेरही लक्ष हवे. भिंतीलगत तीन फुटांचा उतरता पट्टा करून घ्या. न्हाणीचे, पागोळीचे पाणी भिंतीच्या मुळाशी मुरू देऊ नका. मातीला एकदा भिजवले आणि एकदा वाळवले की ती हलणारच.

आज

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मशीन परत आत आले. पायांखाली पातळ पत्रे सरकवून मुलाने स्वतः पातळी घेतली. पाणसळीचा बुडबुडा दोन्ही टोकांना मध्यावर येईपर्यंत त्याने जेवणाचे नाव काढले नाही. पहिली पिन काढली, मायक्रोमीटर लावला. एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. मग मायक्रोमीटर आमच्या हातात दिला आणि म्हणाला, "तुम्हीच बघा, बाबा." दोन्हीकडे माप एकच होते.

त्यानंतरचे पावसाळे त्या जमिनीवरून गेले. जमिनीचा सांधा बोटाला जाणवेल एवढाही वरखाली झालेला नाही. दर पावसाळ्यानंतर मुलगा न चुकता बेडवर पाणसळ ठेवतो आणि पाहतो.

वाचकहो, घरात उद्योग उभा करताना आपण मशीनची किंमत काढतो, विजेचा खर्च काढतो, जमिनीचा खर्च मात्र शेवटी उरलेल्या पैशांत बसवतो. आमची विनंती एवढीच की हा क्रम उलटा करा. आणि घरातल्या पोराचे किंवा पोरीचे काम बिघडले तर बोल लावण्याआधी त्याच्या पायाखाली काय आहे ते एकदा वाकून पाहा. आम्ही ते उशिरा पाहिले. जमीन दुसऱ्यांदा करता आली. पण पोराला बोललेले शब्द आम्हांला परत घेता आले नाहीत.